सहीचा रिकामा रकाना

कर्वेनगर, पुणे
शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

प्रेमला,

पाकिटात आपट्याचं पान घातलंय. कोल्हापूरला पोचेपर्यंत त्याचा चुरा होईल, तो सोनं समजून घे. फोनवर आपण दोघी फक्त गुडघ्यांविषयी बोलतो, म्हणून बाकीचं नेहमीसारखं इथे लिहिते. शाळेच्या वसतिगृहात सिस्टर अगाथांनी लावलेली पत्राची सवय साठीला आले तरी सुटत नाही.

आमच्या कारखान्यात सुरक्षा व्यवस्थापक आले आहेत. नाव रणपिसे, मान उंटाची आणि नजर विमानतळावरच्या तपासनिसाची. मोठे साहेब गेल्यावर त्यांचा दिग्विजय मालक झाला. तो दोन वर्षं परदेशात शिकला आणि तिथून एकच गोष्ट घेऊन आला, ती म्हणजे आपली माणसं चोर असतात ही खात्री. चोरांच्या बंदोबस्ताला हे रणपिसे. आता जाता-येता आमचे डबे उघडतात. गेल्या आठवड्यात माझ्या भरल्या वांग्यांत चमचा घालून पाहिला. म्हटलं, मीठ बरोबर आहे का तेही नोंदवून ठेवा.

शिवाय प्रत्येकाने वर्षातून सलग दहा दिवस सक्तीने रजेवर जायचं. एकतीस वर्षांत मी सलग तीन दिवसही घरी बसले नाही, म्हणून मोठ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर चांदीचा पेला दिला होता. रणपिसे म्हणतात, रजा न घेणारा माणूस संशयास्पद असतो. पेला जप्त करायला अजून कोणी आलेलं नाही.

सगळ्यांत मोठा विनोद किल्ल्यांचा. लेथवर धातू कापायला कार्बाइडच्या टिपा लागतात. दिसायला नखाएवढ्या, पण महाग. त्यांच्या कपाटाला आता दोन कुलपं. एक किल्ली माझ्याकडे, दुसरी स्टोअरमधल्या दीपमालाकडे. दोन्ही किल्ल्या कधीही एका हातात येता कामा नयेत. त्यामुळे दिवसातून चार वेळा आम्ही दोघी सवतींसारख्या त्या कपाटापाशी उभ्या असतो. ही दीपमाला वाशीमकडची, सव्वीस वर्षांची. बिबवेवाडीत खोली घेऊन राहते, गावी आई एकटी. चेहऱ्यावर कायम सरकारी खिडकीचा भाव. कधी हसलीच तर त्याचीही वेळ रजिस्टरमध्ये लिहील.

परवा खंडेनवमी झाली. रणपिसे गावी गेले होते. मेंटेनन्सचा संतोष आदल्या दिवशी माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, यंदा मोठ्या साहेबांच्या वेळेसारखी पूजा करू या का?" मला भरूनच आलं. तेव्हा आम्ही कारखान्यातलं एकूण एक हत्यार मांडायचो, हातोडीपासून माझ्या रबरी शिक्क्यापर्यंत, आणि दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा होईपर्यंत कोणी कशाला हात लावायचं नाही. यंदाही तसंच केलं. व्हर्नियर, पान्हे, आणि एका ताटात कपाटाच्या दोन्ही किल्ल्या. वर हळदकुंकू आणि झेंडूचा ढीग. रणपिसेंच्या कॅमेऱ्यालाही मी हार घालायला लावला. त्यांचं तेच तर एक हत्यार आहे. हार एवढा घसघशीत, की कॅमेऱ्याला झेंडूखेरीज काही दिसलं नसेल.

दीपमाला किल्ली देईना. "मॅडम, नाही देता येत जी. नियमात नाही बसत."

"अगं, देवापुढे ठेवायची आहे, गहाण नाही टाकायची."

"मग इथं सही करून द्या," म्हणाली, आणि रजिस्टर पुढे केलं. 'किल्ली पूजेसाठी पद्मजा मॅडमकडे दिली' असं वळणदार अक्षरात आधीच लिहून आणलं होतं. देवाच्या कामात सही मागणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. उद्या देवाकडेही प्रसादाची पावती मागेल. मी हसले आणि ताट पुढे केलं. शेवटी ठेवली बाई तिने किल्ली, पण तोंड असं, की मी तिचं मूत्रपिंडच मागितलं.

संतोष मात्र समई तेवत ठेवायला रात्रभर तिथे थांबला. अशी माणसं आता राहिली नाहीत.

एकतीस डिसेंबरला मी निवृत्त. मग रणपिसेंनी खुशाल वांगी तपासावीत.

तुझी
पद्मजा


कोल्हापूर
१० ऑक्टोबर

पद्मे,

चुरा पोचला. तुझ्या अकलेचाही त्याच पाकिटात असावा.

मी बँकेच्या तपासणी खात्यात तेहतीस वर्षं काढली. अकरा जणांना पकडलं. त्यांतल्या नऊ जणांना त्यांचे साहेब 'घरचा माणूस' म्हणायचे. एक तर मला न विचारता आल्याचा चहा आणून द्यायचा, तुला फार आवडला असता. त्यानेही सात वर्षांत रजा घेतली नव्हती. अपेंडिक्सने दवाखान्यात गेला, त्याच्या टेबलावर दुसरा बसला आणि चौथ्या दिवशी खणातून बनावट ठेवपावत्या निघाल्या. सक्तीची रजा असते ती याचसाठी. तुझ्या पेल्याचा त्यात अपमान नाही.

दोन किल्ल्या वेगळ्या ठेवायच्या, तर तू त्या एका ताटात घातल्यास. कॅमेऱ्याने पाहायचं, तर त्याचे डोळे फुलांनी बांधलेस. तुझ्या उंटाने खपून जे उभं केलं, ते तू एका संध्याकाळी हळदकुंकू लावून निजवलंस. त्या मुलीने सही मागितली, तीही दिली नाहीस. सही करायला काय लागतं, बाई? आपलं नाव तर यायला हवं.

समईवाल्या संतोषकडे मात्र जरा लक्ष ठेव.

प्रेमला


कर्वेनगर
९ नोव्हेंबर

प्रेमला,

महिनाभर लिहिलं नाही. दिवाळी होती, आणि तुझं पत्र वाचून आलेला राग उतरायलाही वेळ लागला. संतोषबद्दल असं लिहायला तू त्याला पाहिलेलंसुद्धा नाहीस.

दिवाळीनंतर आमच्याकडे एक प्रकार झाला. लेथवाल्याने टिपांची नवी डबी उघडली, तर आत झिजलेल्या टिपा. दुसरी उघडली, तीही तशीच. कपाटाच्या मागच्या रांगांतल्या चाळीस डब्यांत जुना माल निघाला. वरची कागदी पट्टी पुन्हा अगदी बेमालूम चिकटवलेली. कुलपं शाबूत. रणपिसे चार दिवस हातमोजे घालून फिरत होते, एखाद्या नाटकातल्या डॉक्टरसारखे.

दीपमालाला निलंबित केलंय. तिची किल्ली तिच्याकडेच असते, आणि माझी तिने माझ्या नकळत काढून घेतली असणार, असा त्यांचा निष्कर्ष. मला विचारलं, तुमची किल्ली कधी तुमच्यापासून दूर होती का? मी सांगितलं, कमरेच्या छल्ल्यातून ती हललेली नाही. सिस्टर अगाथांचा जुडगा कसा कमरेला वाजायचा, तशी माझी सवय, सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी लगेच मान्य केलं. एकतीस वर्षांचा काहीतरी मान असतोच.

मुलगी पूजेबिजेचं काहीतरी सांगत होती. रजिस्टरमधली ओळ दाखवत होती. पुढे सहीचा रकाना रिकामा. असली ओळ कोणीही कधीही लिहील. संतोषनेही लेखी दिलं, की पूजा त्यानेच मांडली होती आणि ताटात किल्ल्या नव्हत्या. मोबाइलवरच्या फोटोंत तर नुसती फुलं दिसतात.

मला राहून राहून शाळा आठवते. साठ मुली, आणि नाताळच्या केकचे बेदाणे ठेवायचं कपाट नुसतं ओढून घेतलेलं. कोणी हात लावला का? एकदाच काय ते झालं, कुसुमचं, आणि तेव्हाही सिस्टरनी तिला फक्त गाण्याच्या गटातून काढलं. चौकशी समिती नाही नेमली. माणसांवर विश्वास टाकायचे ते दिवस वेगळेच होते.

पद्मजा


कोल्हापूर
१४ नोव्हेंबर

पद्मजा,

तुझं ३ ऑक्टोबरचं पत्र समोर उघडून ठेवलंय. त्यातलं तुझंच वाक्य तुला लिहून पाठवते. 'एका ताटात कपाटाच्या दोन्ही किल्ल्या.' खाली तुझी सही आहे. आपल्या सख्या मैत्रिणीला लिहिताना तुला सही करायला जड गेलं नाही.

आणि ९ नोव्हेंबरच्या पत्रात तीच किल्ली छल्ल्यातून हललेली नाही. देवाच्या ताटातून ती परत कमरेला कधी आली, ते तुला आठवत नसतं, तर वयाचा परिणाम म्हणून सोडून दिलं असतं. पण तुला आठवतंय. नाहीतर 'पूजेबिजेचं' असं तू लिहिलं नसतंस. ज्या पूजेने तुला भरून आलं होतं, तिला तू महिन्याभरात 'बिजे' जोडलंस.

आता बेदाण्यांचं. ते मी खाल्ले होते. नववीचं आख्खं वर्ष, प्रार्थनेच्या घंटेआधी, फ्रॉकच्या खिशातून. त्या आठवड्यात कपाटाची पाळी कुसुमची होती, म्हणून ती सापडली. ती सिस्टरना म्हणाली, मी नाही. मी तिच्या शेजारी उभी होते, तोंडात शेवटचे दोन बेदाणे होते आणि ते मला चावताही येईनात. गाणं हीच एक गोष्ट कुसुमला येत होती. नंतर तिने शाळेत कधी तोंड उघडलं नाही. तू आणि मी तिला 'बेदाणी' म्हणायचो, आठवतंय का? तूच ते नाव काढलं होतंस.

मी तपासणी खात्यात का गेले, असं तू मला एकदा विचारलं होतंस. मी म्हटलं होतं, पगार बरा आहे म्हणून.

प्रेमला


कर्वेनगर
२० नोव्हेंबर

प्रेमला,

बेदाण्यांचं वाचून वाईट वाटलं. पण तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस, आणि त्या गोष्टीला आता पंचेचाळीस वर्षं झाली. त्याची भरपाई माझ्याकडून करून घेऊ नकोस.

खाजगी पत्रात माणूस खुलवून लिहितो. त्यातलं प्रत्येक वाक्य कोर्टात ठेवायचं नसतं.

तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस? माझे सहा आठवडे उरलेत. निरोपाच्या कार्यक्रमासाठी हॉल सांगून झालाय. मोठ्या साहेबांच्या पत्नी येणार आहेत, त्या आता कुठेही जात नाहीत, पण माझ्यासाठी येणार. त्यांच्यापुढे रणपिसेंनी उठून सांगायचं, की नियम मोडला तो या बाईंनी? तो माणूस बरोबर होता, हे मी माझ्या तोंडाने म्हणायचं? वांग्यात चमचा घालणारा तो माणूस? सगळं सहन झालं असतं गं, एवढं होत नाही.

आणि मुलगी तरुण आहे. तिला दुसरीकडे काम मिळेल.

निलंबनाच्या पत्रात अट आहे, की तिने रोज सकाळी आठला फाटकावर येऊन हजेरी द्यायची. ती येते. वही घेऊन उभी राहते, सही करते, जाते. मी हल्ली मागच्या दाराने आत जाते.

तुला लिहिलेलं ते पत्र जाळून टाक. आजवर कधी काही मागितलं नाही तुझ्याकडे.

पद्मजा


कोल्हापूर
२५ नोव्हेंबर

पद्मजा,

पत्र सोबत परत पाठवते आहे. मूळ प्रत आहे, मी नक्कल ठेवलेली नाही. जाळायचं तर तू जाळ. बरोबर काडेपेटी पाठवणार होते, पण पोस्टाच्या नियमात बसत नाही.

चौदा वर्षांची होते हे खरं. तू साठीची आहेस.

प्रेमला


कर्वेनगर
१४ डिसेंबर

प्रेमला,

तुझं पाकीट चार दिवस देवघरात ठेवलं, काडेपेटीशेजारीच. पाचव्या दिवशी कामावर गेले तर मागचं दार बंद. रणपिसेंचा नवा नियम, सगळ्यांना एकच प्रवेशद्वार. तो नियम काही माझ्यासाठी केला नव्हता, पण लागू मलाच पडला.

फाटकावर दीपमाला होती. "गुड मॉर्निंग, मॅडम," म्हणाली, रोज म्हणायची तसंच. रखवालदाराने माझा डबा उघडला. ती डब्याकडे पाहत नव्हती. माझ्या कमरेच्या छल्ल्याकडे पाहत होती. मला कुसुमचा चेहरा आठवायचा प्रयत्न करूनही आठवेना, एवढं मी तेव्हा तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं.

वर जाऊन पत्र रणपिसेंच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी उभ्यानेच वाचलं. मानेपाशी आले तेव्हा मान किंचित खाली गेली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग म्हणाले, "मॅडम, हे समितीपुढे पूर्ण वाचावं लागेल. उतारे चालत नाहीत."

"तुमच्याबद्दलचं तरी गाळा."

"माझ्याबद्दलचं गाळलं, तर बाकीचंही गाळलं असेल असं कोणीही म्हणेल."

त्या माणसाची मला पहिल्यांदा भीती वाटली नाही, लाज वाटली. फरक तुला कळेल.

समिती म्हणजे दिग्विजय, रणपिसे आणि एक वकीलबाई. समोर संतोष आणि दीपमाला. रणपिसेंनी सरळ आवाजात वाचलं, जसं काही हजेरीपट. उंट वाचला. परदेशातून आणलेली खात्री वाचली, तेव्हा दिग्विजयने पेन खाली ठेवलं. वांग्यांना वकीलबाई हसल्या. सरकारी खिडकी आली. हसण्याची वेळ आली. मूत्रपिंड आलं. दीपमाला मांडीवर रजिस्टर घेऊन बसली होती, हलली नाही. एवढी वर्षं मी तुला अशी पत्रं लिहिते आणि आपण दोघी हसतो. ती कोणाच्या तरी तोंडावर वाचायची असतात, हे कधी मनात आलं नव्हतं. चांगलं लिहिलं होतं गं. एकही वाक्य फुकट नव्हतं.

संतोषने लेखी दिलं होतं, की ताटात किल्ल्या नव्हत्या. तेच पुन्हा सांग म्हटल्यावर त्याला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी कबूल झाला. वापरलेल्या टिपा भंगारात जायच्या, त्या तो वर्षभर बाजूला काढून साठवत होता. जुन्या पद्धतीने पूजा होईल एवढीच संधी हवी होती. माझ्यापुढे मोठ्या साहेबांचं नाव काढलं की मी काहीही करते, हे त्याने हेरलं होतं. समई त्याने तेवत ठेवली होती, हे मात्र खरं. उजेड लागतो ना.

दीपमालाला परत घेतलंय, अडलेल्या पगारासकट. मला लेखी ताकीद मिळाली आणि निवृत्तीपर्यंत सक्तीची रजा. सलग दहा दिवसांहून जास्त, म्हणजे तो नियमही माझ्याकडून पुरा झाला. हॉल रद्द केला. मोठ्या साहेबांच्या पत्नींना मी स्वतः फोन करून कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांच्या वेळीही टिपा कमी भरायच्या, पद्मजा. ते कोणाला विचारायचे नाहीत, एवढंच." एकतीस वर्षं मी ज्याला विश्वास समजत होते, त्याच्याबद्दल त्या घरात असं बोलणं होत असेल, याची मला कल्पना नव्हती.

काल किल्ली द्यायला गेले. रणपिसेंकडे द्यायची, दीपमालासमोर. तिने रजिस्टर उघडलं, तारीख लिहिली, वेळ लिहिली, छल्ल्यातून किल्ली निघेपर्यंत थांबली. मी म्हटलं, "दीपमाला, त्या पत्रात मी तुझ्याबद्दल जे..."

"वाचलं ना त्यांनी. ऐकलं मी," ती म्हणाली. "इथं सही."

मी सही केली. तिने रजिस्टर ओढून घेतलं नाही. पानं मागे उलटली, सप्टेंबरपर्यंत गेली, पुन्हा एक पान पुढे आली. १ ऑक्टोबर. वळणदार अक्षरात ती ओळ, आणि पुढचा रकाना अजून रिकामा.

"ही पण एक राहिली आहे, मॅडम."

मी विचारलं, "तारीख कुठली घालू? तेव्हाची?"

"काहून? आजचीच घाला. सही आज होते आहे ना."

मी नाव लिहिलं, खाली १३ डिसेंबर लिहिलं. तिने शाई वाळेपर्यंत रजिस्टर उघडं धरलं, मग मिटलं, आणि हात पुढे केला. मला वाटलं, हातात हात द्यायचा आहे. मी दिलाही.

तिला पेन परत हवं होतं.

पद्मजा